इंजिनाचं सोवळं

लढाईच्या दिवसांत फौजेचं एक दुरुस्तीचं वर्कशॉप पावसाळाभर आमच्या अंगणात येऊन राहिलं होतं. त्याची सगळी रचना कॅप्टनने मला इंग्रजीत समजावली, मी ती बाबांना मराठीत सांगितली, बाबांनी मान डोलावली, आणि खरी समजली ती एकट्या आत्याला. आत्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं.

अंगण म्हणजे जिनिंगचं आवार. देऊळघाटच्या बाहेर, रस्त्याला लागून, पत्र्याचं लांबलचक शेड, कापसाच्या गाड्या उभ्या राहतील एवढी मोकळी जागा, आणि एका कोपऱ्यात आमचं घर. बाबा तिथले मॅनेजर. मालक शेठजी खामगावला राहत आणि हंगामाच्या सुरुवातीला एकदा येऊन जात. घर नोकरीबरोबर मिळालेलं होतं, तेव्हा नोकरी गेली तर ते तिच्याबरोबर जाणार हे आम्हांला न बोलता ठाऊक होतं. त्या वर्षी ते बोलण्यातही यायला लागलं, कारण इंजिन बंद पडलं होतं.

सरकी वेगळी करणाऱ्या सगळ्या यंत्रांना फिरवणारं ते एकच तेलाचं इंजिन. त्याचा वेग आवरणारा जो भाग असतो, गव्हर्नर म्हणतात त्याला, त्याच्या चक्राचे दात मागच्या हंगामाच्या शेवटी तुटले. गव्हर्नर नसलेलं इंजिन म्हणजे लगाम नसलेला घोडा. ते चालतं, पण कुठे थांबेल ते सांगता येत नाही. नवं चक्र विलायतेहून यायचं, आणि विलायतेहून तेव्हा फक्त बातम्या येत होत्या. आमचा इंजिनवाला मिस्त्री जास्त पगारावर तोफांच्या कारखान्यात निघून गेला होता. शेठजींनी निरोप धाडला होता की दसऱ्याला येतो, इंजिन चालू दिसलं पाहिजे. निरोप आणणाऱ्या माणसाने वर हेही सांगितलं की शेठजींच्या मेहुण्याला सध्या काही काम नाही.

मी त्याच उन्हाळ्यात अमरावतीच्या नन्सच्या शाळेतून मॅट्रिक होऊन घरी आले होते. पुढे काय, हे ठरायचं होतं. तोवर मी पुस्तक वाचत असल्याचं दाखवत खिडकीत बसत असे. खिडकीतून अख्खं आवार दिसायचं, आणि पुस्तक समोर असलं की आपण बघतो आहोत असं कोणाला वाटत नाही.

मग एके दिवशी आवारात लॉऱ्या शिरल्या. बर्म्याकडे जायच्या तुकड्यांना राजूर घाटात चिखलातून गाड्या चढवायला शिकवत होते, आणि घाट गाड्या मोडायला शिकवत होता. मोडलेल्या गाड्यांसाठी हे वर्कशॉप आलं. शेड रिकामंच होतं, शेठजींनी ते फौजेला देऊन टाकलं.

बाबांचं इंग्रजी कागदावर फार सुरेख होतं. पण साहेब समोर उभा राहिला की त्यांना एकच वाक्य सुचायचं, आणि ते अर्जाच्या शेवटी लिहायचं वाक्य होतं. कॅप्टनचं हिंदुस्थानी म्हणजे सगळी क्रियापदं हुकमाची. पहिल्या दिवशी पाण्याच्या हौदावरून दोघांत जे झालं ते बघून आत्या म्हणाली, "पोरीले काऊन नाई बोलवत? एवढी शिकवली ते काय खिडकीत बसाले?"

"साहेबापुढे?" बाबा म्हणाले.

"मी बसून राह्यतो ना तिथं. साहेब काय खाते का तिले?"

आत्या ही बाबांची मोठी विधवा बहीण. घर तिच्या हातात होतं, आणि तिचं सोवळं आमच्या नात्यागोत्यात गाजलेलं होतं. कोणत्या भांड्याला कोणी हात लावायचा, कोणता हात लागला की भांडं फक्त धुवायचं, कोणता लागला की घासायचं आणि कोणता लागला की ते बाहेरच ठेवायचं, याचे तिचे नियम पक्के होते. तर ती ओसरीवर पाटावर जपमाळ घेऊन बसली, मी खांबाआड अर्धी उभी राहिले, आणि अशी मी फौजेची दुभाषी झाले.

मला बोलायची भीती वाटायची हे खरं. पण लवकरच लक्षात आलं की दुभाष्याला स्वतःचं काही बोलावंच लागत नाही. दुसऱ्याचंच बोलायचं, आणि दोघांनाही दुसऱ्याचं कळत नसल्यामुळे मधल्या वाटेत थोडी साफसफाई केली तर तक्रार येत नाही. बाबांनी हौदाचं पाणी कमी वापरा म्हणून केलेली लांबण मी एका वाक्यात आटपली. कॅप्टनने आमच्या कुत्र्याबद्दल जे म्हटलं ते मी गाळलंच.

त्याची वर्कशॉपची शिकवणी अशीच एका सकाळी झाली. आदल्या दिवशी एक ड्रायव्हर, जेहलमकडचा उंच, हसरा पंजाबी, आपली बंद पडलेली लॉरी क्रेनच्या गाडीमागे बांधून घेऊन आला होता. तो बाबांना सांगत होता की बिघाड त्याला ठाऊक आहे, एक नळी काढून फुंकली की झालं, पण त्याला हात लावू देत नाहीत. बाबांना ते चमत्कारिक वाटलं. त्यांनी मला विचारायला सांगितलं, की माणसाला येतं तर करू का देत नाही?

कॅप्टन लालबुंद, तरुण, नाकावर सालं निघालेली. प्रश्न ऐकून तो इतका खूष झाला की पायरीवर बसलाच. त्याने सांगितलं ते असं. गाडीची देखभाल पायऱ्यापायऱ्यांनी होते. पहिल्या पायरीवर स्वतः ड्रायव्हर: तेल, पाणी, हवा, ढिले नट आवळणं, एवढंच. त्याच्या मागोमाग त्याच तुकडीची दुरुस्तीची छोटी टोळी असते. ती भाग बदलू शकते, पण भाग उघडू शकत नाही. त्याच्या मागे आमचं हे वर्कशॉप. इथे भाग उघडतात, जोडतात, झाळतात, लेथवर धातू कातून नवा करतात. त्यातही माणसं वाटलेली: मोडलेली गाडी ओढून आणणारे वेगळे, सुटे भाग सांभाळणारे वेगळे, इंजिनवाले वेगळे, वायरलेस आणि दुर्बिणी बघणारे वेगळे. आणि आमच्याही मागे, पार रेल्वेच्या टोकाला, मोठी कायमची वर्कशॉपं. तिथे आख्खी गाडी सुटी करून पुन्हा बांधतात. आपल्या पायरीवर जे ठरल्या वेळात होत नाही ते धरून ठेवायचं नाही. चिठ्ठी बांधायची आणि मागे पाठवायचं. मोडलेलं मागे जातं, नीट झालेलं पुढे येतं.

"पण का?" हे मी विचारलं. दुभाष्याने विचारायचं नसतं, पण निघून गेलं तोंडातून.

"कारण आम्हांला केव्हाही हलावं लागतं," तो म्हणाला. "हुकूम आला तेव्हा माझ्या हवालदाराने दहा इंजिनं उघडून ठेवली असतील तर मी काय करू? ज्याला सगळं येतं असं वाटतं, तो माणूस माझं वर्कशॉप जागेवर खिळवून ठेवतो."

मी हे सगळं मराठीत सांगितलं. बाबांनी मान डोलावली. आत्याने जपमाळ थांबवली.

"हे तं सोवळंच झालं," ती म्हणाली.

"कसं?" बाबा म्हणाले.

"कसं म्हणजे? बाहेरच्यानं अंगणात, अंगणातल्यानं ओसरीत, ओसरीतल्यानं सैपाकघराच्या उंबऱ्यालोक. देवघरात मी. ज्याची जेथलोक पोच, त्यानं तेथलोकच हात लावावा. तो डायवर म्हणते मले येते. मोलकरणीलेबी भात येते, म्हणून चुलीले हात लावू देतो का मी?" मग माझ्याकडे वळून, "साहेबाले सांग, बरोबर हाय म्हना तुमचं."

मी सांगितलं की माझ्या आत्याला आपली पद्धत पसंत आहे. कॅप्टनने उठून तिला सलाम केला. आत्याने पदर सावरला आणि पाट अर्धा हात मागे सरकवला, कारण त्याची सावली पाटावर पडत होती. दोघांचं तेव्हापासून जमलं.

आत्याने ती व्यवस्था घरातही आणली. माझं पोट दुखलं तर ओवा ही पहिली पायरी, वैद्यबुवांचा काढा दुसरी, बुलढाण्याचा सरकारी दवाखाना तिसरी. "चवथी वरतीच हाय," असं म्हणून ती आढ्याकडे बोट दाखवायची. माझ्या लग्नाचीही तिने अशीच मांडणी केली. देऊळघाटात कोणी जमण्यासारखं नाही, अमडापूरच्या मावशीने एक स्थळ उघडून बघितलं आणि परत ठेवून दिलं, तेव्हा आता ही पोरगी चिठ्ठी बांधून नागपूरले पाठवा. मी खिडकीत पान उलटलं.

बाबा मात्र रोज शेडमध्ये जाऊन लेथसमोर उभे राहत. एवढी हत्यारं, एवढे कारागीर, आणि वीस पावलांवर आमचं मुकं इंजिन. शेवटी एके दिवशी त्यांनी कॅप्टनला विचारायचं ठरवलं. विचारताना त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मी त्यांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं, काहीही गाळलं नाही: की चक्राचे दात तुटलेत, की दसऱ्याला मालक येणार, की इंजिन चाललं नाही तर ही नोकरी आणि हे घर दोन्ही दुसऱ्याला जाईल.

कॅप्टनने टोपी काढली. तो बराच वेळ टोपीच्या आत बघत होता. मग म्हणाला की त्याला फार वाईट वाटतं, पण बाहेरचं काम त्याला करता येत नाही. तुमचं इंजिन फौजेच्या कोणत्याच पायरीवर नाही.

"काय म्हणून राह्यला?" आत्याने विचारलं.

"आपलं इंजिन कुठल्याच पायरीवर नाही म्हणतात."

"म्हणजे जातीबाहेर."

"तसंच."

"मंग त्याले जातीत घ्या लागन," आत्या म्हणाली आणि पुन्हा माळ ओढायला लागली. बाबांना ते ऐकू आलं नाही. ते आधीच उठून आत गेले होते.

मला ते वाक्य काही दिवस पुरलं. खिडकीतून मी आवार बघत होते, पण आता निराळ्या नजरेने: या लोकांना कशावाचून अडेल? त्यांच्याकडे सगळंच होतं. लेथच्या लॉरीला आणि शेडमधल्या दिव्यांना वीज द्यायला एक डायनामो होता, चाकांवर बसवलेला. सगळे जण त्याचा आवाज ऐकून काम करत आणि जेवायला गेले की तो बंद. त्या डायनामोला गणपतीच्या सुमारास खोकला झाला. चालता चालता गचका द्यायचा, ठिणग्या उडवायचा, मग दिवे मंद.

हवालदार मद्रासकडचा होता. ठेंगणा, कानशीने काम करताना ओठ घट्ट मिटणारा. त्याच्या हाताखालचे लोक डायनामोला आमच्या ओसरीजवळ ओढून आणून उभे राहिले. हवालदार कॅप्टनला म्हणाला की उघडून बघतो, तार नवीन गुंडाळावी लागेल, किती वेळ लागेल ते उघडल्यावर कळेल. कॅप्टन मान हलवण्याच्या बेतात होता. मी तिथे गवळ्याच्या गाईंबद्दल काहीतरी सांगायला आले होते. त्या गाई शेडच्या मागे तंबूचे दोर खात होत्या. गाईंचं सांगून झालं आणि जाता जाता मी, नन्सनी शिकवलेल्या अगदी नम्र इंग्रजीत, विचारलं, "क्षमा करा, माझी आत्या विचारते आहे. हे काम कोणत्या पायरीचं?"

आत्या तेव्हा आत लोणच्याला फोडणी घालत होती.

कॅप्टन थांबला. त्याने हवालदाराकडे बघितलं. डायनामोची तार गुंडाळणं हे मागच्या मोठ्या वर्कशॉपचं काम होतं; हे त्याला ठाऊक होतं, हवालदाराला ठाऊक होतं, आणि आता आमच्या घराला ठाऊक असल्यासारखं दिसत होतं. त्याचे कान लाल झाले. "चिठ्ठी बांधा," तो म्हणाला.

हवालदार माझ्याकडे वळून बघत राहिला. "बेबी," तो हळू म्हणाला, "तुम कायको पूछा?"

मी खाली मान घातली. माझी लाजाळू म्हणून जी ख्याती होती तिचा मला इतका उपयोग त्याआधी कधी झाला नव्हता.

डायनामो मलकापूरच्या रस्त्याने स्टेशनाकडे गेला. दुसरा येईपर्यंत शेडमध्ये कंदील लागले आणि लेथ हाताने फिरवायची पाळी आली. दोन माणसं चाकाला लटकून घाम गाळत आणि तिसरा शिव्या देत काम करी. घाटात गाड्या मोडतच होत्या. आवारात त्यांची रांग लागली. कॅप्टन रोज ती रांग मोजायचा आणि रोज त्याचं नाक जास्त सोलायचं.

मग एका सकाळी तो ओसरीवर आला आणि बाबांना म्हणाला की तुमच्या इंजिनाचा जो लांब दांडा शेडभर जातो, त्याच्यावरून पट्टा टाकून आमची लेथ फिरवता येईल का?

मी सांगितलं. बाबा म्हणाले, "सांग त्यांना, इंजिन बंद आहे."

मी तेही सांगितलं. आत्या आतून उंबऱ्यापर्यंत आली होती. कॅप्टनने बाबांकडे बघितलं, बाबांनी शेडकडे, मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे.

"वर्कशॉपला लागणारी वस्तू," कॅप्टन सावकाश म्हणाला, जणू कोणी लिहून घेत होतं, "वर्कशॉपने दुरुस्त करायची असते."

"घेतलं का जातीत?" आत्याने विचारलं.

"घेतलं," मी म्हणाले.

चक्र हवालदाराकडे गेलं. तुटलेल्या दातांच्या जागी त्याने पितळ वितळवून भरलं आणि मग कानशीने एकेक दात कोरायला बसला. शाबूत दातांचा कागदावर ठसा घ्यायचा, तो नव्याशी लावून बघायचा, पुन्हा घासायचं. घाटातल्या गाड्यांचं काम सांभाळून हे चालायचं, त्यामुळे रेंगाळलं. आत्या रोज विचारायची, "दात आले का?" आणि मी रोज हवालदाराला विचारायचे. तो म्हणायचा, "दूध का दाँत आया. अक्कल का बाकी है." शेवटचा दात झाला तेव्हा अष्टमीची रात्र झाली होती. दसरा तोंडावर होता, पण बसवायला एक दिवस पुरेसा होता, आणि शेठजी दसऱ्याला येणार होते.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. वर्षभर जी राबतात त्यांना त्या दिवशी कोणी हात लावत नाही. दसऱ्याला उत्तरपूजा झाल्यावरच उचलायची. हवालदाराच्या मुलखातही नेमकं तसंच, हे कळल्यावर आत्याला तो आपल्या माहेरचा वाटायला लागला. कॅप्टनने लोकांना पूजेची सुट्टी दिली होती. सकाळी शेडमध्ये सतरंज्या घालून वर्कशॉपचे सगळे पाने, हातोडे, कानशी, कटावण्या मांडल्या. त्यांना हळद-कुंकू, झेंडूच्या माळा. लेथला ऊस बांधला. आमच्या बाजूला आत्याने इंजिनाला ओवाळलं आणि चक्र पाटावर ठेवून त्याच्यावर अक्षता टाकल्या. हवालदाराने नारळ फोडला. तो अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून आला होता, आणि आत्याने त्याला ओसरीच्या दुसऱ्या पायरीपर्यंत येऊ दिलं. तिच्या आयुष्यातली ही मोठी गोष्ट होती.

दुपारी शेठजी आले.

त्यांची मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची, तेव्हा पेट्रोल कुठलं. मागे बंब लावलेला आणि मोटार धुराने न्हालेली. शेठजींच्या शेजारी मेहुणा बसला होता. तेल लावून भांग पाडलेला, आणि आमच्या घराच्या खिडक्या मोजत असलेला. दसऱ्याला शेठजींना खामगावच्या दुसऱ्या जिनात मुहूर्त करायचा होता, म्हणून ते एक दिवस आधीच आले.

"चालू करा इंजिन," शेठजी खुर्चीवर बसून म्हणाले. "बघतो आणि निघतो."

बाबांनी सांगितलं की चक्र तयार आहे, उद्या बसवतो.

"उद्या बसवतो हे मला चैत्रातही कळवलं होतं तुम्ही," शेठजी म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही. मेहुण्याला म्हणाले, "तू शेड फिरून ये जरा. तुला बघायचंच होतं."

बाबा हवालदाराकडे गेले. हवालदाराने हात जोडले. हत्यारं देवापुढे आहेत, उद्या उत्तरपूजा झाल्यावर हवं तर पहाटेच उचलतो, आज नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात जोडलेले ते सुटले नाहीत. पंजाबी ड्रायव्हर बाहेर लॉरीच्या फळीवर बसून विडी ओढत होता. त्याची हत्यारं पूजेत नव्हती. तो उठून म्हणाला, "मैं कर दूँ, जी?" आणि लगेच स्वतःच हसून खाली बसला, कारण कॅप्टन तंबूतून बाहेर येत होता आणि ड्रायव्हर पडला पहिल्या पायरीचा.

आत्या शेडच्या दारात उभी होती. "इंजिन आपलं, चक्र आपलं हाय," ती म्हणाली. "त्याची पूजा मी केली, मी उचलतो. आंबाबाईले मी सांगून देईन. पण पाने आपले नाई." आणि तिने खरोखरच पाटासमोर बसून हात जोडले, देवीशी काही बोलली, जरा वादही घातल्यासारखा वाटला, आणि चक्र उचलून पदरात घेतलं. मग पुढे काय करायचं ते न कळून ती तशीच उभी राहिली.

बाबा इंजिनाला टेकले होते. मी त्यांना कधी कशाला टेकून उभं राहिलेलं बघितलं नव्हतं.

कॅप्टनने मला विचारलं की काय चाललं आहे. मी सांगितलं. खुर्चीवर कोण, शेडमध्ये फिरतो आहे तो कोण, आणि हात का जोडलेले आहेत. त्याने हवालदाराकडे बघितलं आणि मान हलवली. "मी सुट्टी दिली आहे. मी ती मोडणार नाही," तो म्हणाला. "आणि ड्रायव्हरला मी इंजिन उघडू देणार नाही."

"हो," मी म्हणाले. माझं काम इथे संपत होतं. "आपण स्वतः," मी म्हणाले, "आपण कोणत्या पायरीवर असता?"

हा प्रश्न आत्याच्या नावावर खपवायचं मला सुचलं नाही.

कॅप्टनने विचार केला. खरोखर केला, ओठ हलत होते, एकेक पायरी तो मनात चढत-उतरत होता. "कुठेच नाही," तो शेवटी म्हणाला. "मला फक्त बघायचं असतं." आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की मी नजर वळवली, कारण दुसऱ्याची इतकी खासगी गोष्ट बघू नये. त्याने कोट काढून खुंटीला अडकवला. ड्रायव्हरकडे जाऊन त्याची हत्यारांची गुंडाळी मागितली.

"साहब, पोंछ के वापस देना," ड्रायव्हर म्हणाला.

आत्याने चक्र कॅप्टनच्या हातात वरून सोडलं, स्पर्श न होता. तो इंजिनासमोर चिखलाने माखलेल्या फरशीवर गुडघे टेकून बसला. हवालदार मागे उभा राहिला, हात पाठीशी घट्ट धरून. हत्याराला हात लावायचा नव्हता, जिभेला बंदी नव्हती.

"बेबी, साहब को बोलो, इतना जोर नहीं. मुर्गी का गर्दन नहीं है."

"हवालदार म्हणतात, थोडं हलक्या हाताने," मी इंग्रजीत म्हणाले.

"त्याला सांग, तो शाळेत होता तेव्हा मी मोटारसायकली जोडत होतो."

"साहेब म्हणतात, सूचना चांगली आहे," मी हवालदाराला म्हणाले.

"वो इस्कूल का बात बोला. मैं सुना."

"ते म्हणतात, आपण शाळेत शिकवायला हवं होतं."

हवालदाराने माझ्याकडे बघितलं, कॅप्टननेही. दोघांनाही एकमेकांची भाषा मला वाटत होती त्यापेक्षा बरी येत होती, हे मला त्या क्षणी कळलं. तरी बोलणं असंच चालू राहिलं, त्यांच्याकडून जास्त मोठ्याने आणि माझ्याकडून जास्त सभ्यपणे, आणि कॅप्टनच्या कोपरापर्यंत काळं तेल आलं. तो शीळ घालत होता.

बसलं चक्र. आमच्या बत्तीने बाबांनी इंजिनाचं डोकं तापवलं, त्याशिवाय ते पेट घेत नसे. चारजण मोठ्या चाकाला भिडले, ओढलं, सोडलं, पुन्हा ओढलं. इंजिनाने एकदा ठसका दिला, थांबलं, आणि मग लागलं. आधी भरधाव, की मी मागे सरले, आणि मग गव्हर्नरचे फिरणारे लोखंडी गोळे बाहेर पसरले आणि वेग आपोआप खाली येऊन ठोका सारखा पडायला लागला. शेडभर दांडा फिरायला लागला. पत्र्यावरची धूळ खाली आली.

शेठजी उठून दारापर्यंत आले होते. त्यांनी इंजिनाकडे बघितलं, मग गुडघ्यावर बसून चिंधीने हात पुसणाऱ्या, सदऱ्याचं बटण तुटलेल्या कॅप्टनकडे. खूप वेळ बघितलं. मग बाबांच्या कानाशी येऊन म्हणाले, "मिस्त्री गोरा ठेवलात?"

बाबांनी तोंड उघडलं. मी कधी नव्हे ते बाबांच्या आधी बोलले. "सध्या आहेत," मी म्हणाले.

"टिकवा," शेठजी म्हणाले.

"काय म्हणतात?" कॅप्टनने इंजिनाच्या आवाजावरून ओरडून विचारलं.

"म्हणतात, मिस्त्री चांगला आहे," मी ओरडले. शाळेतल्या नन्सनी मला ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. त्यात एक शब्दही मी बदलला नाही म्हटलं तरी चालेल.

तेवढ्यात मेहुणा शेड फिरून आला. त्याच्या भांगावर पत्र्याची धूळ बसली होती. तो शेठजींना म्हणाला की घर बरं आहे, पण मागच्या भिंतीला ओल दिसते.

शेठजींनी त्याला म्हटलं, "मोटारीत कोळसा घाल. निघायचं आहे." तो उभाच राहिला, तेव्हा म्हणाले, "घाल रे. आता काय तेवढंच काम आहे तुला."

मग बाबांना म्हणाले की कापूस या वर्षी लवकर येईल असं दिसतं, तागडीवर माणूस चांगला बसवा. आणि गेले.

बाबा त्यांना फाटकापर्यंत पोचवून परत आले. शेडमधून सरळ आमच्या घरात गेले आणि दार लोटून घेतलं. आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला, एकदा, मग दुसऱ्यांदा. इंजिन चालू असल्यामुळे तो बाहेर ऐकू जात नाही असं त्यांना वाटत होतं. मी दाराशीच उभी होते. आत्या आत जायला निघाली, तिला मी हाताने अडवलं. ती सोवळ्यात होती आणि मी नव्हते, तरी तिने माझा हात बाजूला केला नाही. आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो, बाबा बाहेर येईपर्यंत.